गेंदाशेट आणि हिरवं अस्तर

गेंदाशेटना मी पहिल्यांदा पाहिलं ते पालथे पडलेले. वाशीमकडच्या मालेगावात, एसटी स्टँडमागे कडुनिंबाच्या बुंध्याशी पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी अशा पोशाखातला एक पन्नाशीचा माणूस पोटावर पडला होता, आणि हलत नव्हता. दुष्काळाची वर्षं सरून पाऊस नीट लागला त्या सालची ही भेट. मी साताऱ्याकडून नुकताच कंट्रोलर म्हणून बदलून आलो होतो. नव्या जागी पहिल्याच आठवड्यात स्टँडच्या आवारात माणूस दगावला तर काय करायचं, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी धावत गेलो आणि "काका, अहो काका!" अशा हाका मारू लागलो.

काकांनी मान वळवली नाही, फक्त एक हात वर केला.

"साहेब, जरा बाजूले व्हा. तुमची सावली पडून राह्यली."

मी बाजूला झालो. मग दिसलं, की मुंग्या नाहीत ना हे पाहून त्यांनी अंगाखाली मांजरपाटाचा तुकडा अंथरला होता, आणि त्यांच्या हातात बांबूच्या कामटीला बांधलेला एक बारका गोल आरसा होता. तो आरसा त्यांनी एका भूछत्राखाली सरकवला होता आणि खालची बाजू आरशात पाहत ते स्वतःशी पुटपुटत होते. आमच्याकडे ज्याला कुत्र्याची छत्री म्हणून लाथेने उडवतात, त्या वस्तूकडे एखाद्या माणसाला इतक्या अदबीने पाहताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"चुण्या पाहा," ते मला म्हणाले. "अशा चुण्या घालायले शिंप्याले जल्म जाते."

गेंदाशेट म्हणजे गेंदालालजी. स्टँडसमोर त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं ओसवाल जैनांचं, पिढ्यान्‌पिढ्या मालेगावात राहून बोली पक्की वऱ्हाडी झालेलं. घरात कांदा-लसूण शिरत नसे, मग भूछत्र कुठून शिरणार? त्यांच्या धर्मात ते अभक्ष्य. "एका छत्रीत अनंत जीव हायेत, कंट्रोलरजी. मोजायले बसाल तं तुमची शेवटची गाडी निघून जाईन." आणि तरीही साऱ्या मुलखात भूछत्रं ओळखावी तर याच माणसाने. खायची नाहीत, तोडायची नाहीत, कोणी तोडलेली हातात धरायचीसुद्धा नाहीत. आणि ओळखायची मात्र सगळी. म्हणून तो आरसा. भूछत्राची खरी ओळख टोपीखालच्या पापुद्र्यांत असते आणि ते पाहायला इतर लोक ते उपटून उलटं करतात. शेटजी स्वतःच उपडे होत.

हा नाद कसा लागला असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी दोष आईवर ढकलला. पायाखाली जीव येऊ नये म्हणून आईने लहानपणापासून खाली पाहून चालायला शिकवलं. "आता खाली पाहून चालनाऱ्या मानसाले आभायातले तारे दिसतीन का? जे जमिनीवर हाय तेच दिसते." पावसाळ्यात हिरवळीवर ते पाय देत नसत. गवताचा एवढासा पट्टा आडवा आला तरी लांबून वळसा घालत, आणि त्या वळशात त्यांना नवं भूछत्र सापडे.

ओळखण्याची त्यांची सारी भाषा कापडाची होती. कडब्याच्या गंजीपाशी उगवणारं, बुडाशी वाटीसारखं आवरण असलेलं, ते "मांजरपाट". दांड्याला कडं असलेलं ते "काठाचं". उकिरड्यावर सकाळी रुबाबात उभं राहणारं आणि दुपारपर्यंत विरघळून काळी शाई होणारं एक भूछत्र आहे, त्याला ते "टेरिकॉट" म्हणत. टेरिकॉटवर त्यांचा फार राग होता. दुकानात सर्वांत जास्त खप त्याचाच होता हा भाग वेगळा. गिऱ्हाइकाला टेरिकॉट फाडून देताना ते म्हणत, "घेऊन जा बाप्पा. दिसते झकास." पुढचं वाक्य मला ठाऊक असे, गिऱ्हाइकाला नसे.

संध्याकाळी ते एखाद्या उभ्या भूछत्राच्या दांड्याभोवती अर्धा काळा, अर्धा पांढरा असा कापडाचा तुकडा चीर देऊन बसवत. सकाळपर्यंत टोपीतून बारीक भुकटी त्यावर झडलेली असे. पांढरी भुकटी काळ्यावर दिसे, काळी पांढऱ्यावर. मग तो तुकडा घेऊन ते माझ्या खिडकीशी येत आणि वाशीमच्या गाडीची चौकशी करणाऱ्या रांगेच्या पुढे घुसून म्हणत, "गुलाबी निंगाली!" रांगेतल्या बाया एकमेकींकडे पाहत.

पण टोपी, दांडा, चुण्या हे सगळं नंतरचं. शेटजींचा पहिला प्रश्न जागेचा. "आधी पत्ता विचारा, मंग तोंड पाहा. सोयरीक जुळवताना आपन काय करतो? पोरगी गोरी हाय का, हे मांगून. गाव कोनतं, घर कोनतं, हे आधी." वारुळावर आलेलं ते खानदानी, टोपीला मधोमध टोक, आणि मूळ खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं. तिकडचे लोक त्यांना टेकोडे म्हणत आणि त्यांच्या भाजीसाठी जीव टाकत. पण अगदी तशाच तोंडाचं एक भूछत्र गवतात येतं. लहानपणी पांढरं असतं आणि वय झालं की त्याच्या चुण्यांवर हिरवट छटा चढते. शेटजी त्याला "हिरवं अस्तर" म्हणत. ते पोटात गेलं की माणूस आतून बाहेर उलटा होतो.

साहजिकच लोक टोपल्या घेऊन त्यांच्याकडे येत. आणि इथे शेटजींची मोठी पंचाईत होई. विषारी असेल तर "हे नाई" म्हणून सांगायला त्यांची हरकत नव्हती, त्यात पुण्यच होतं. पण चांगलं असेल तर "खा" कसं म्हणायचं? अनंत जीव चुलीवर चढवायची परवानगी दिल्याचं पाप कोणाच्या डोक्यावर? म्हणून चांगलं असलं की ते गप्प बसत, मान फिरवत आणि समोरचं एखादं कापड घेऊन घडी घालू लागत. गावाने याचा अर्थ लावून टाकला होता. शेटजी गप्प बसले आणि घडी घालायला लागले, की भाजी झाली. कैक वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

मी एकदा विचारलं, "शेटजी, ज्या वस्तूची चव ठाऊक नाही, तिच्यात इतका जीव कसा रमतो?"

ते म्हणाले, "मले खायची नाई, म्हनून मले दिसते. तुमाले पाह्यल्याबरोबर भूक लागते, कंट्रोलरजी. भुकेल्या मानसाले फक्त भाजी दिसते."

हे खरंच होतं. मी सडाफटिंग, खाणावळीच्या वरणाला कंटाळलेला. मेडशी रस्त्याला गावापासून कोसभरावर गणपतराव माळ्यांचा मळा होता. त्यांची बायको वच्छलाबाई रोज भाजीची पाटी घेऊन एसटीने बाजाराला येई, आणि पावसाळ्यात कधीमधी टेकोड्यांच्या भाजीचा डबा माझ्या खिडकीतून आत सरकवी. त्या दिवशी दोन-चार गाड्यांची घोषणा मी जरा प्रेमळ आवाजात करत असे.

आता शेटजींच्या मौनाबद्दल सांगायला हवं. हा माणूस जात्याच बोलका. त्यांची बायको जतनबाई मात्र मितभाषी आणि तपाला खंबीर. पर्युषणात त्या गाजावाजा न करता आठ दिवसांची अठाई करत, उकळलेल्या पाण्यावर. शेटजींना उपास झेपत नसे, म्हणून त्यांनी आठ दिवसांचं मौन धरायचं ठरवलं होतं. ते दरवर्षी मोडे. एका वर्षी गिऱ्हाइकाने छापील वायलला रेशीम म्हटलं म्हणून मोडलं. दुसऱ्या वर्षी ते ज्या भूछत्रावर पाळत ठेवून होते ते एका बकरीने त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्लं, आणि "हाट!" करून मोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी ते पाटी-पेन्सिल घेऊन बसले आणि तोंडाने बोलत त्याच्या दुप्पट लिहू लागले. जतनबाई म्हणाल्या, "हे मौन नाई, हे पोस्ट हापिस हाय."

हे त्यांना फार लागलं. मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतो आहे त्या वर्षी त्यांनी जतनबाईंसमोर हात जोडून नेम केला, की बोलणार नाही आणि लिहिणारही नाही. मला आदल्या दिवशी म्हणाले, "कंट्रोलरजी, मले काई नाई पायजे. शेवटच्या दिवशी, संवत्सरीले, तिनं एक डाव म्हनावं, का जमलं बा तुमाले. बस." बायकोच्या एका वाक्यासाठी झुरणारा नवरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आणि जमत होतं! निम्मं पर्युषण पार पडलं. साऱ्या गावाचं लक्ष तिकडे. माझ्या खिडकीशी लोक आधी "शेटजी बोलले का?" विचारत, मग गाडीचं.

मध्येच पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे कर असते. आदल्या दिवशी पुरणपोळी झालेली, म्हणून करीला घरोघर मटण शिजतं आणि निम्मा गाव झिंगलेला असतो. गणपतराव मात्र माळकरी. त्यांच्याकडे दोन्ही लेकी जावयांसह आलेल्या. जावयांना करीच्या दिवशी काय वाढायचं? वच्छलाबाईने ठरवलं, टेकोड्यांची झणझणीत भाजी. मटणाची उणीव भासू द्यायची नाही. संध्याकाळचं मलाही बोलावणं होतं, हे इथेच सांगून ठेवतो.

सकाळी ती टोपली घेऊन शेटजींच्या दुकानी आली. जतनबाई व्याख्यानाला जैन स्थानकात गेलेल्या. पोळ्याच्या खरेदीत गिऱ्हाइकांनी लुगड्यांचा ढीग विस्कटून ठेवला होता, आणि शेटजी एकटेच गादीवर बसून तो आवरत होते. म्हणजे गप्प होते, आणि घडी घालत होते.

वच्छलाबाईने टोपलीवरचं फडकं उचललं. शेटजींनी वाकून पाहिलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी हातातलं लुगडं जोरजोरात हलवलं, झटकलं, आपटलं. वच्छलाबाईला वाटलं, धूळ झटकताहेत. ते मान हलवू लागले. तिला वाटलं, व्रतात असली वस्तू दुकानात आणली म्हणून रागावले. तिने झटकन फडकं ओढलं आणि म्हणाली, "चुकलं शेटजी, तुमचे उपास चालू हायेत न! जातो मी, माही गाडी लागली." आणि ती स्टँडवर येऊन मेडशीच्या गाडीत बसली.

गाडी फाटकाबाहेर वळते न वळते तोच शेटजी अनवाणी धावत माझ्या खिडकीशी. त्यांनी पोट दाबलं, जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले आणि तोंडापुढून हात खाली नेत ओकल्याची खूण केली.

"शेटजी, पित्त झालं का?"

त्यांनी कपाळावर हात मारला.

"कपाळही दुखतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांच्या धर्मात अहिंसा आहे हे माझं नशीब. मग गाडीच्या धुराकडे बोट दाखवलं. मेडशी रस्त्यावर एक डॉक्टर बसत असे, माळ्यांच्या मळ्याच्या जरा पुढे. मी विचारलं, "डॉक्टरकडे जायचंय?" शेटजी क्षणभर थांबले आणि मग जोरजोरात मान हलवून हो म्हणाले. न बोलताही खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या गाडीला अवकाश होता. खिडकीवर दुसरा माणूस बसवण्यात अर्धा तास गेला, मग मी सायकल काढली, शेटजी कॅरिअरवर बसले. मौनाने त्यांचं वजन काही घटलेलं नव्हतं. रस्त्यात आदल्या दिवशीचे रंगवलेले बैल, शिंगांना बेगड, आणि झाडाखाली बसून करीचा आनंद लुटणारी मंडळी. प्रत्येक टोळक्यातून एकच आरोळी येई, "शेटजी बोलले का होऽ?" आणि मी धापा टाकत ओरडे, "नाही!" मागून शेटजी माझ्या पाठीवर बुक्की मारत, म्हणजे लवकर चल.

मळ्यापाशी आलो आणि मागचं ओझं एकदम हलकं झालं. शेटजींनी उडी टाकली होती. रस्ता आणि घर यांच्यामध्ये हरळीचा हिरवागार पट्टा होता. पायवाट त्याला वळसा घालून जाते. गेंदाशेट धोतराचा सोगा हातात धरून त्या हरळीतून सरळ धावत गेले. मी सायकल धरून उभाच राहिलो. हे पित्त नव्हे, अशी शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली.

अंगणात दोन्ही जावई पाटावर बसले होते. ताटं मांडली होती, चुलीवर भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, रटरटत होता, आणि वास असा सुटला होता की काय सांगू! शेटजींना पाहून सगळे उठले. करीच्या दिवशी मौनव्रती माणूस अनवाणी दारात, म्हणजे केवढं भाग्य! जावई वाकून पाया पडले. शेटजी चुलीकडे बोट दाखवत होते, हात नाचवत होते. वच्छलाबाईने बोटाची दिशा पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

"अगं माय! शेटजी भाजी मांगून राह्यले!"

"उपासानं झालं हे," गणपतराव हळहळून म्हणाले. "देऊन टाक. मांगनाऱ्याले नाई म्हनू नये."

थोरला जावई म्हणाला, "खाऊ द्या न त्याइले, आमी कोनाले सांगत नाई."

वच्छलाबाईने भाकरीवर भाजी वाढून ताटली शेटजींच्या हातात दिली. ज्या वस्तूला जन्मात बोट लावलं नाही, ती शिजून, तर्री सुटून त्यांच्या तळहातावर आली होती. समोर दोन जावई आपापल्या ताटाकडे वळत होते. शेटजींनी ताटली पाहिली, जावई पाहिले, एकदा गावाच्या दिशेला, घराकडे पाहिलं. मी शेजारीच होतो. जतनबाईंचं ते एक वाक्य त्यांच्या हातून सुटताना मी पाहिलं.

"हे नाई!"

इतक्या दिवसांच्या मुक्या गळ्यातून आवाज फाटून आला. गणपतराव ओरडले, "शेटजी बोलले!" रस्त्यावरून कोणीतरी ते झेललं, आणि "शेटजी बोलले होऽ" ही आरोळी झाडाझाडाखालून मालेगावकडे निघाली. भाजीत विष आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी शेटजींनी स्वतः गंज चुलीवरून उतरवून मातीत उपडा केला, तेव्हा वच्छलाबाई भानावर आली.

"पन शेटजी, तुमी तं घडी घालून राह्यले होते!"

"अवं बाई, कालच्या गिऱ्हाइकाइनं ढिगारा करून ठेवला होता! घडी नाई घालू तं काय करू?"

"आन्‌ गप बी होते!"

"मौन होतं माह्यं!"

"हो न," वच्छलाबाई म्हणाली. "हे माह्या ध्यानातच नाई आलं. तुमचं गप बसनं म्हंजे भाजी, एवढंच माईत."

आता तोंड उघडलंच होतं. साठलेलं सगळं बाहेर आलं. टोपलीत उरलेलं एक भूछत्र शेटजींनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं आणि जावयांना समोर बसवून सुरू झाले. "हे पाय पाहा. वारुळाची माती कुठी हाय? गवताच्या मुया हायेत. वच्छलाबाई, पत्ता विचारला होता का?" ती म्हणाली, गोठ्यामागच्या गवतात होते, पण तोंड तेच होतं. "तोंड! तोंडावर जाऊन पोरगी तरी देते का कोनी? हे कडं पाहा, बांगडीवानी वर-खाली सरकते. टोपीले टोक नाई. आन्‌ हे अस्तर, कडेले पाहा, हिरवं चढून राह्यलं." उत्साहाने त्यांचा चेहरा फुलला होता. व्रत मोडल्याचं दुःख ते पार विसरले होते.

त्या सगळ्या व्याख्यानात धाकट्या जावयाचा चेहरा मात्र उतरत गेला. "हिरवं अस्तर खाल्ल्यावर काय होते?" त्याने बारीक आवाजात विचारलं. शेटजींनी तपशीलवार सांगितलं. ते ऐकून तो उठला आणि केळीच्या मागे गेला. सासूबाई पाणी आणायला गेल्या तेव्हा त्याने गंजातल्या दोन फोडी चाखल्या होत्या. मला शेवटी डॉक्टरकडे जावंच लागलं. दिवस मावळेपर्यंत जावयाने पोळ्याची पुरणपोळीसुद्धा परत केली, आणि दुसऱ्या दिवशी तो कोऱ्या चहावर उठून बसला. सगळ्या घराने ताटभर भाजी खाल्ली असती तर, या विचाराने वच्छलाबाई रडू लागली. मला माझं संध्याकाळचं बोलावणं आठवलं.

परतताना शेटजी सायकलवर बसले नाहीत. चालत निघाले, आणि जसजसं गाव जवळ आलं तसतसे हळू चालू लागले. बातमी आमच्या आधी पोचली होती. जतनबाई ओट्यावर उभ्या होत्या. शेटजी खाली मान घालून समोर उभे राहिले. आसपास पाच-पंचवीस माणसं जमली होती.

जतनबाई म्हणाल्या, "दोन शब्द बोलले त्याचा दोष नाई. जीव वाचले. नंतर जावयाइले बसवून गोष्टी सांगत बसले, त्याचा हाय."

माणसं हसली. शेटजींना हसावं की रडावं कळेना. मग जतनबाई आत गेल्या, उकळून कोमट केलेलं पाणी घेऊन आल्या आणि पेला त्यांच्या हातात देत हळूच म्हणाल्या, "घ्या. घसा बसला तुमचा." तेवढ्यावर तो माणूस असा खुलला, की संवत्सरीची वाट पाहायची त्यांना गरज उरली नाही. मौन त्यांनी उरलेल्या दिवसांसाठी पुन्हा धरलं. पाळलं, असं मी म्हणणार नाही.

संवत्सरीनंतर क्षमा मागायची त्यांच्यात रीत. शेटजी घरोघर जाऊन "मिच्छामि दुक्कडम्‌" म्हणाले. धाकट्या जावयालाही निरोप पाठवला. मग मला घेऊन मळ्यावर गेले आणि त्या हरळीच्या पट्ट्याशी बसून हात जोडले. हरळी तोवर पुन्हा ताठ झाली होती. ते म्हणाले, "पाहा, हिनं मनावर घेतलं नाई."

त्यानंतर घडीवर लोकांचा भरवसा उरला नाही. वच्छलाबाईच तावातावाने म्हणाली, "शेटजी, आता तोंडानं 'खा' म्हना, नाई तं आमी खात नाई." शेटजी ते म्हणायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी तोड काढली. टोपली आली की आधी दोन्ही हात रिकामे करून दाखवत. चांगली असेल तर एक कापड घेत, घडी घालत, सगळ्यांसमोर मोडत, आणि पुन्हा घालत. दोनदा घातलेली घडी म्हणजे पक्की. "खा" हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही.

काही वर्षांनी माझी बदली वाशीमच्या स्टँडवर झाली. लांब नव्हतं, पण जाणं कमी झालं. मग एका पावसाळ्यात मालेगावच्या ड्रायव्हरने सांगितलं, गेंदाशेटना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मी सुट्टी काढून गेलो.

ते माजघरात बाजेवर पडले होते. उजवी बाजू निकामी. मला पाहून डोळ्यांत ओळख आली, तोंड हललं, शब्द आला नाही. जतनबाई म्हणाल्या, "पाहा साहेब, जल्मभर जमलं नाई ते मौन आता जमलं." असं म्हणून त्या भिंतीकडे वळल्या आणि डोळे पुसत राहिल्या. इतक्या बोलक्या माणसाला असं पडलेलं पाहून मलाही भरून आलं.

तेवढ्यात वच्छलाबाई आली. डोक्यावर घमेलं. तिने ते बाजेशी अलगद टेकवलं आणि वरची केळीची पानं बाजूला केली. घमेल्यात वारुळाच्या मातीचं मोठं ढेकूळ होतं, आणि त्यात पाच-सहा टेकोडे उभे होते. तोडलेले नव्हते. तिने कुदळीने चहूबाजूंनी खोल खणून, मातीसकट, मुळांसकट ते उचलून आणले होते, कोसभर डोक्यावरून, एकही न मोडता.

"तुमाले पाह्यले आनले शेटजी," ती म्हणाली. "वारूळ गोठ्याच्या वरच्या अंगाले हाय. पत्ता विचारूनच आनले."

जतनबाईंनी फणेरपेटीतून तो आरसा काढून आणला. कामटी अजून बांधलेलीच होती. शेटजींनी डाव्या हातात ती धरली. मलाही नीट दिसावं म्हणून मी वाकलो, तर त्यांनी कामटी टेकवून हात जरासा वर केला. माझी सावली पडत होती. मी बाजूला झालो.

त्यांनी एकेकाच्या खाली आरसा नेऊन सावकाश पाहिलं. पाहून झाल्यावर आरसा उशाशी ठेवला आणि चादरीचं टोक डाव्या हातात घेतलं. एका हाताने काठाला काठ लागेना. जतनबाई मदतीला पुढे झाल्या, त्यांना त्यांनी मानेनेच थांबवलं. खूप वेळ लागला, पण घडी पडली. मग त्यांनी ती मोडली, आणि पुन्हा घालायला घेतली.

वच्छलाबाईने ती दुसरी घडी पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. "समजलं शेटजी," ती म्हणाली. "पन हे आमी खानार नाई. होते तथीच नेऊन ठेवतो."

तिने घमेल्यावर पानं झाकली आणि डोक्यावर घेतलं. मला वाशीमची शेवटची गाडी धरायची होती, पण तिला अजून वेळ होता. मेडशीच्या बाजूची गाडी लागलेली नव्हती, म्हणून मी परतीसाठी सायकल मागून घेऊन तिला मळ्यापर्यंत सोबत गेलो. सायकल हातात आणि ती पुढे, दोघंही पायी. मळ्याशी आल्यावर मी रस्त्यावरच थांबलो. घर समोरच दिसत होतं, मध्ये तो हरळीचा पट्टा. डोक्यावर मातीचं एवढं ओझं, मान अवघडलेली, तरी वच्छलाबाई हरळीवर उतरली नाही. कडेच्या चिखलातून लांबचा वळसा घालून, खाली पाहत, पाऊल जपून टाकत ती वारुळाकडे गेली.